सुतकातला आरसा

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर, नीला भोईरचा स्टुडिओ आहे. खाली कुणाच्या दाताला ड्रिल लागलं की वर ब्रशांच्या डब्यातलं टर्पेंटाइन थरथरतं, आणि गेली बावीस वर्षं नीला त्या थरथरीकडे बघत सकाळचा चहा पिते. वय अठ्ठावन्न. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. चित्रं बऱ्यापैकी विकली जातात, गुडघे कुरकुरतात. नजर लागणं, अंगात येणं, बाहेरचं काही असणं यातलं तिला काहीएक पटत नाही. बाळकुमच्या घरात लहानपणी हे सगळं इतकं पोटभर झालेलं की पुढे तिला त्याची भूकच उरली नाही.

डोंबिवलीच्या एका कलादालनात तिच्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन ठरलं होतं. मांडणीचं काम ऋजुता नावाच्या तिशीतल्या मुलीकडे होतं. मुलगी हुशार, बोलायला मोकळी, आणि एकदा काही डोक्यात घेतलं की पिच्छा न सोडणारी.

"नीलाताई, तुमचं सगळ्यात पहिलं सेल्फ पोर्ट्रेट हवंय मला. दारातून आत शिरलं की समोर तेच. जुन्या मुलाखतीत तुम्ही म्हणालेलात, एकोणिसाव्या वर्षी काढलेलं. कुठेय ते?"

"बाळकुमला. भावाकडे."

"मग आणू या ना."

"त्याला हार घातलेला आहे," नीला म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली. काही सुचेनासं झालं की तिचं बोट डाव्या भुवईवर जातं. तिथे एक जुनी खोक आहे. सहा वर्षांची असताना बापाच्या फावड्याच्या पात्यावर पडली होती. भुवई मधोमध तुटली ती तुटलीच, तिथे पुन्हा केस आले नाहीत.

ऋजुताला हाराचं काही कळलं नाही, आणि नीलाने सांगितलं नाही. तिने ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. नीलाचा बाप राघो खाडीकडच्या मिठागरात कामाला होता. दुपारचा डबा घेऊन जायचं काम मुलींचं, आळीपाळीने. एक दिवस नीला, एक दिवस तुळसा. तुळसा दोन वर्षांनी धाकटी, पण तोंडवळा असा एकसारखा की गावातली म्हातारी माणसं आधी भुवईकडे बघायची आणि मग नावाने हाक मारायची. नीला तेव्हा मुंबईच्या कलाशाळेत दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवशी सुट्टी होती, पाळी तिची होती, आणि ती ओसरीवर कोंबड्यांची चित्रं काढत बसली होती. "आज तू जा ना गो," ती तुळसाला म्हणाली. "उद्या मी जाते. परवा पन मीच जाते." तुळसाने डबा उचलला. खाडीला मोठी भरती होती. मिठागरात पाणी घ्यायच्या दाराजवळ बांध खचला. डबा संध्याकाळी सापडला, झाकण बंदच्या बंद. तुळसा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली.

आईने, सखुबाईने, नीलाला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून तिने नीलाचं नाव घेतलं नाही. तिला हाक मारायची ती 'बाय' म्हणून. बाळकुमला सगळ्याच आया मुलींना बाय म्हणतात, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नीलाच्या आलं. आपलं नाव आईच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकावं, एवढी एकच गोष्ट ती चाळीस वर्षं मनात धरून होती.

सुतकात घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. दहा दिवस आरशात बघायचं नाही, केसांना तेल लावायचं नाही, हे बाळकुममध्ये पोराटोरांनाही ठाऊक असतं. नीलाला कलाशाळेत स्वतःचं चित्र काढून द्यायचं होतं. सरांना कळवलं असतं तर त्यांनी मुदत दिली असती. तिने कळवलं नाही. हातांना काम नसलं की डोळ्यांपुढे तो बांध यायचा. आठव्या दिवशी दुपारी बायका मागच्या पडवीत पडल्या होत्या. नीलाने मधल्या खोलीत जाऊन आरसा फिरवला, समोर बसली आणि आधी कोळशाने वहीत आणि मग तेलरंगात स्वतःला काढलं. पाठीमागे आरशात ओसरीचं दार दिसत होतं, उन्हाने पांढरंफटक. ते तिने तसंच रिकामं रंगवलं, जाड पांढऱ्या रंगाने. काम झाल्यावर आरसा पुन्हा भिंतीकडे केला.

दहाव्याला खाडीवर पिंडाला कावळा शिवला नाही. काका म्हणाला, तुझ्या भावाला शिकवू. मावशी म्हणाली, आईला जपू. ज्याला जे सुचेल ते मोठ्याने बोलून झालं. कावळे समोरच्या तिवराच्या झाडावर बसून राहिले. नीलाला काय बोलायचं ते माहीत होतं, आणि ती बोलली नाही. दुपारी कंटाळून दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेराव्याला सखुबाईला मधल्या खोलीत ते चित्र सापडलं. तुळसाचा एकही फोटो घरात नव्हता. फोटो काढायला जायचं ते लग्न ठरताना, असा त्या घराचा हिशेब होता. सखुबाई चित्रापुढे खाली बसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"माजी तुलसाच काढलीस गो बाय," ती म्हणाली.

आता यावर कुठल्या मुलीने काय बोलावं? नीला गप्प राहिली. विठ्ठलवाडीला राघोच्या ओळखीतला एक चौकटवाला होता, त्याच्याकडून बापाने चौकट लावून आणली. चित्र भिंतीवर गेलं, त्याला चंदनाचा हार पडला, आणि जिवंत मुलीच्या तोंडासमोर रोज सकाळी उदबत्ती लागू लागली.

बाळकुमला आता शेत नाही, मिठागर नाही. भोईरांच्या जागेवर तीन टॉवर उभे आहेत आणि चौदाव्या मजल्यावर नीलाचा भाऊ सुदेश आईला घेऊन राहतो. तुळसा गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. चित्र न्यायला नीला गेली तेव्हा सखुबाई आत झोपली होती. पंच्याऐंशीची झालेली, कधी सगळं आठवायचं, कधी सकाळचा चहासुद्धा नाही.

"ताई, तुळसाताईचा फोटो कशाला पाहिजे प्रदर्शनात?" सुदेशने विचारलं.

तेव्हा नीलाने त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, चपला न काढता, चार वाक्यांत.

सुदेश चित्राखाली जाऊन उभा राहिला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुझ्या फोटोला हार घालत होतो?"

"हो."

"अगं, तू बोलायचंस ना."

"तेव्हा बोलायचं राहिलं. मग पुढे कुठल्या तोंडानं बोलू?"

त्याने स्टूल आणलं, हार काढला आणि टीव्हीखालच्या खणात ठेवला. हार काढताना त्याने हात जोडले आणि मग कुणाला जोडले ते न कळून तो ओशाळला. "आईला नको सांगूस. आता या वयात."

"मीच सांगणार आहे," नीला म्हणाली. "साफ करून आणते, तिच्यापुढे ठेवते आणि विचारते, आये, ही कोण. एकदा तिनं नीला म्हटलं की बास."

स्टुडिओत तिने चौकट उघडली. उदबत्तीच्या धुराने चित्र तपकिरी झालं होतं, पण त्या तपकिरीवर एक पांढरट साय धरली होती. भिंतीची ओल लागली की असं होतं, तिला माहीत होतं. जुनी चित्रं साफ करायची तिची पद्धत साधी होती. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. थुंकीने रंग न दुखावता मळ निघतो. वापरलेली काडी पुन्हा तोंडात घालायची नाही एवढा एकच नियम, आणि विचारांच्या नादात तिच्याकडून नेमका तोच मोडला.

कापूस खारट लागला.

ती थांबली. चूळ भरली. ओलीबरोबर भिंतीतला क्षार येतो, असं स्वतःला सांगितलं आणि उरलेली साय संध्याकाळपर्यंत काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रावर पुन्हा तेवढीच साय होती. बोटाने चोळली तर रवाळ लागली. मिठागराच्या कडेला पायांना लागायची तशी.

त्याच दिवशी तिने चेहरा साफ केला. एकोणिसाव्या वर्षीचा स्वतःचा चेहरा बघून तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. कपाळाचा धूर निघाला, भुवया मोकळ्या झाल्या. डावी भुवई अखंड होती.

आरशात बघून काढलेल्या चित्रात डावं-उजवं उलटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने दुसरी भुवई पाहिली. तीही अखंड होती. भिंग आणलं. केस एकेक काढले होते, तिच्याच हातचे, तेव्हाच्या तिच्या सवयीचे, जरा जास्तच मन लावून काढलेले. रंग उडाल्याची खूण नव्हती, वरून कुणी हात फिरवल्याची खूण नव्हती.

कपाटातून तिने जुनी वही काढली. कोळशाचं रेखाटन होतं तसंच होतं. पाठीमागे रिकामं दार, आणि भुवईत स्पष्ट खोक. म्हणजे तिने ती पाहिली होती, वहीत काढली होती. रंगवताना विसरली असेल? स्वतःच्या तोंडावरची एकमेव ओळखीची खूण? तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, असू शकतं, असं म्हणून तिने चहा टाकला. चहा तिला गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दार राहिलं होतं.

दाराचा पांढरा रंग धुराने सगळ्यात जास्त काळवंडला होता. तो उजळत गेला तसा मधला एक भाग उजळेना. तिने काडी बदलली, पुन्हा फिरवली. तो भाग काळाच राहिला आणि त्याला कडा आल्या. खांदा आला. परकराचा घोळ आला. हात आला, आणि हाताला धरलेला फडक्यात बांधलेला डबा आला.

दारात एक मुलगी पाठमोरी उभी होती. बाहेर पाऊल टाकलेलं, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी तिने मान अर्धी मागे वळवलेली.

नीलाने ब्रशांचा डबा उगाच उचलून दुसरीकडे ठेवला. खाली दवाखान्यात ड्रिल सुरू झालं. टर्पेंटाइन थरथरलं. सगळं रोजच्यासारखं होतं आणि त्याचा तिला आधार वाटला.

अकराच्या सुमारास ऋजुता कॅटलॉगसाठी फोटो काढायला आली. नीला मुद्दाम काही बोलली नाही. आपल्याला दिसतंय ते हिला दिसतं का, तेवढं तिला बघायचं होतं.

"वा," ऋजुता म्हणाली. "काय सुंदर आहे. आणि मागे दारात ती कोण? हे तुम्ही बोलला नव्हतात."

"बहीण," नीला म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ऋजुताने फोटो काढला आणि मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करत गेली. "नाही हां, नीलाताई. ही दारातली तुम्हीच असणार. हे बघा ना, भुवई कट आहे हिची. एवढ्याशा चेहऱ्यात काय काढलंय तुम्ही."

नीलाने मोबाइल हातात घेतला. अर्ध्या वळलेल्या त्या चेहऱ्यावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, डाव्या भुवईला एक पांढरी चीर होती.

मग पुढे बसलेली कोण, हे ऋजुताने विचारलं नाही. तिने मोबाइल परत घेतला, नीलाच्या तोंडाकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं, आणि काहीतरी विचारणार होती ते न विचारता बॅग आवरली. "चित्राखाली नाव काय टाकू?" एवढंच तिने दारातून विचारलं.

"उद्या सांगते."

नीला चित्रापुढे बसली. तिला भीती वाटत नव्हती, हे खरं सांगायला हवं. वाईट वाटत होतं, फार वाईट. पुढे बसलेली मुलगी नीट जेवलेली, केस विंचरलेली, चित्र काढायला बसलेली दिसत होती. दारातली डबा घेऊन निघाली होती. चित्रात, ज्या दिवशी जायला हवं होतं त्या दिवशी नीलाच निघाली होती. खाडीवर, दर्भाचा कावळा करायच्या आधी, जे बोलायचं राहिलं होतं ते एवढंच होतं. माझी पाळी होती, मी जाते.

ते तिने तेव्हा तोंडाने म्हटलं नव्हतं. हाताने म्हटलं होतं की काय, कोण जाणे.

दुपारी ती वही घेऊन बाळकुमला गेली. चित्र नेलं नाही. त्या चित्राचा आता तिलाच भरवसा नव्हता. वहीतलं रेखाटन मात्र पक्कं होतं. त्यावर तारीख होती, सही होती, खोक होती.

दार सुदेशने उघडलं. "आज आई बरी आहे. सकाळपासून बोलतेय," तो म्हणाला आणि सोसायटीच्या कामाला खाली गेला.

सखुबाई खिडकीजवळ बसली होती. भिंतीवर चित्राच्या जागी एक फिकट चौकोन होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, पण कुरकुर करत नव्हती. नीला तिच्या पायाशी बसली. चाळीस वर्षं घोकलेलं वाक्य ऐनवेळी तिला आठवेना. तिने नुसती वही उघडून आईच्या मांडीवर ठेवली.

"आये, ही कोन?"

सखुबाईने चष्मा सारखा केला. कागदावरून हात फिरवला. कोळसा तिच्या बोटांना लागला. हात भुवईपाशी येऊन थांबला.

"नीला," ती म्हणाली.

नीलाने वहीची कड घट्ट धरली.

"माजी नीलाच ही. भुवई बग ना. बापाच्या फावड्यावर पडलेली. किती रगत गेलेला." म्हातारीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "नीला माजी."

तीनदा. नीलाने मोजलं. तिने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं, आणि सखुबाईचा हात तिच्या केसांतून फिरू लागला. असा तो लहानपणीसुद्धा फारसा फिरला नव्हता.

"बरा झाला तू आनलास," आई वरून म्हणत होती. "तिचा येक पन फोटू नव्हता घरान. डबा घेऊन गेली, ती काय परत आली नाय. किती वर्सा झाली, तुलशे?"

नीलाने डोकं वर केलं.

आईच्या नजरेत गोंधळ नव्हता. ती नीलाकडेच बघत होती. स्वच्छ, ओळखीच्या नजरेने.

"आये, मी—"

"तुजी काय चूक नाय. पाळी तिचीच व्हती." सखुबाईने तिचा गाल थोपटला. "तू नको मनाला लावून घेव."

शब्द नीलाच्या ओठांवर तयार होते. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो चेहरा सैल झाला होता, शांत झाला होता, तेराव्याच्या दुपारी झाला होता तसा.

ती गप्प राहिली.

सखुबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. टीव्हीखालचा खण तिने चाचपून उघडला आणि चंदनाचा हार बाहेर काढला. वही भिंतीला टेकवून उभी केली. कागदाला हार टिकेना, म्हणून तो वहीच्या दोन कोपऱ्यांत अडकवला, आणि हात जोडले.

"ये, तूपन पाया पड," ती म्हणाली. "मोठी व्हती तुज्यापेक्षा."

नीला उठली. आईच्या शेजारी उभी राहिली. काही सुचेना, तेव्हा तिचं बोट सवयीने डाव्या भुवईवर गेलं. केस या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागले.

मग तिने दुसरी भुवई चाचपली.